लालभडक तिखट म्हणजे जास्त झणझणीत?

"तिखट जितकं लाल तितकं जहाल, फिकं दिसलं की जुनं नाहीतर भेसळीचं" असं ऐकत आलोय सगळे, आणि वाटणं साहजिकच आहे कारण रश्श्यावरची लाल तर्री बघूनच घाम फुटतो. पण रंग आणि तिखटपणा या मिरचीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाल रंग सालीतल्या रंगद्रव्यांचा आणि जाळ कॅप्सेसिन नावाच्या रसायनाचा, जे बियांना धरून असलेल्या पांढऱ्या शिरेत सगळ्यात जास्त असतं आणि त्याला स्वतःचा रंगच नसतो.

म्हणून तर कांदा-लसूण मसाल्याला मिरच्या मिसळून घेतात, रंगाला ब्याडगी अन् तिखटाला लवंगी किंवा संकेश्वरी.

घरी बघायचंय? एक सुरकुतलेली ब्याडगी आणि एक बारकी लवंगी वेगवेगळ्या वाटीत कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, वेगवेगळी वाटा (मिक्सरचं भांडं मध्ये धुवा हं), भाकरीच्या तुकड्याला थोडं थोडं लावून खा. ब्याडगी लालबुंद दिसेल पण जीभ सहन करेल, लवंगीला मात्र आधी दही जवळ ठेवा, कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही त्यामुळे नुसतं पाणी पिऊन आग जात नाही.

आणि फिकेपणाचं म्हणाल तर उजेडात, काचेच्या बरणीत ठेवलेल्या तिखटाचा रंग उडतो, झणका बऱ्यापैकी तसाच राहतो, म्हणून रंग बघून चमचा वाढवू नका, आधी चिमूटभर चाखा.