तास सारखे, लँडिंग दुप्पट : एटीआर वैमानिकाच्या दिवसामागचा इतिहास

मुंबई-दिल्ली करणारा वैमानिक दोन तास उडतो आणि एकदा उतरतो. हैदराबाद-नांदेड करणारा जवळपास तेवढ्याच वेळात दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि मधला अर्धा तास जमिनीवर इंधन, वजन आणि हवामान सांभाळतो. लॉगबुकात दोघांचे तास सारखेच दिसतात. छोट्या विमानाचा, म्हणजे एटीआरसारख्या दोन पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) विमानाचा, वैमानिक दमतो तो चढण्या-उतरण्याने. रोस्टरवरची भांडणे मात्र आपल्याकडे बहुतेक तासांवरून आणि रात्रपाळीवरून झाली.

या कामाची आजची घडी वायुदूतपासून बसत गेली. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी जानेवारी १९८१ मध्ये ही कंपनी काढली ती मुख्यतः ईशान्य भारतासाठी. पुढे ती देशभरातल्या लहान गावांना जाऊ लागली. तिच्या ताफ्यात कानपूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेली १९ आसनी डॉर्निअर २२८ विमाने होती. या विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते. त्यामुळे साधारण दहा हजार फुटांच्या खालीच राहायचे, म्हणजे पावसाळ्यात ढगांच्या वरून जाण्याचा प्रश्नच नाही. पुष्कळ धावपट्ट्यांना दिवे नसत, म्हणून सूर्यास्ताच्या आत परतायचे. पहाटे निघून दिवसभर गावोगाव टप्पे घेत फिरण्याची रीत तेव्हाची. वायुदूत १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली, रीत मात्र टिकली.

१९९४ मध्ये खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडले आणि मोठ्या मार्गांवर उडणाऱ्यांनी काही क्षमता लहान व दुर्गम मार्गांवरही वापरावी अशी अट आली. पण छोटे विमान खरे परवडू लागले ते सवलतींमुळे. ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला देशांतर्गत लँडिंग शुल्क माफ झाले आणि ४०,००० किलोपेक्षा कमी वजनाच्या विमानांच्या इंधनावरचा विक्रीकर ४ टक्क्यांवर आला. एटीआर ७२ या दोन्ही चौकटींत चपखल बसते : कमाल वजन २३ टन, आसने ७० ते ७८. एअर डेक्कनने २००३ मध्ये एटीआरवरच सुरुवात केली, किंगफिशरची एटीआर सोलापूर-नांदेडला येत, आणि २०१२ मध्ये ती कंपनी बसल्यावर हे विमानतळ पुन्हा ओस पडले. मग लहान गावांना विमानाने जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आली. २७ एप्रिल २०१७ ला तिची पहिली उड्डाणे झाली. त्यात दिल्ली-शिमल्याच्या जोडीला नांदेड-हैदराबादही होते. पुढे चिपी (२०२१) आणि अमरावती (२०२५) इथली नियमित सेवा एटीआरनेच सुरू झाली. गोव्यातल्या मोपाहून २०२४ मध्ये उडू लागलेल्या फ्लाय९१ चा ताफाही एटीआरचाच.

हे विमान वैमानिकाकडून काय करून घेते, ते जमिनीवरच दिसायला लागते. एटीआरला शेपटीतले सहायक इंजिन नाही. छोट्या विमानतळावर बाहेरून वीज मिळेलच असे नाही, म्हणून उजवे इंजिन चालू ठेवून फक्त त्याचा पंखा ब्रेक लावून थांबवतात. याला ‘हॉटेल मोड’ म्हणतात. इंजिन धडधडतेय, पंखा स्तब्ध, आणि प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दाराने चढताहेत, हे दृश्य पाहून नवखा माणूस बिचकतो. वीज आणि वातानुकूलन त्याच इंजिनातून मिळते. वारा मागून येत असेल तर धूर आत ओढला जातो, त्यामुळे वाऱ्याच्या मर्यादा पाळाव्या लागतात. मे महिन्यात ४२ अंशांच्या उन्हात नेमकी हीच सोय हातची गेली, तर केबिनचा तवा होतो.

मग वजनाचे गणित. उष्ण हवा विरळ असते. इंजिन आणि पंख दोन्ही कमी काम देतात, त्यामुळे आखूड धावपट्टीवरून उचलता येणारे वजन दुपारी घटते. बऱ्याच लहान विमानतळांवर इंधनच मिळत नाही, मग परतीचे इंधन सोबत घेऊन यावे लागते आणि उतरतानाचे वजनही वाढते. ज्याला जागा असून तिकीट मिळत नाही त्या प्रवाशाला हे कोडे वाटते. उत्तर वजनाच्या तक्त्यात असते. शिमल्याची धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास आणि उंची पाच हजार फुटांवर. तिथून निघताना सुरुवातीच्या एटीआर ४२ मध्ये निम्म्याहून अधिक आसने रिकामी ठेवावी लागत.

हवेतही उसंत नाही. पाऊण तासाच्या टप्प्यात चढण्या-उतरण्यातच निम्म्याहून जास्त वेळ जातो, सरळ उड्डाणाला पंधरा-वीस मिनिटे उरली तर पुष्कळ. तेवढ्यात पुढच्या विमानतळाचे हवामान घ्यायचे, उतरण्याची ब्रीफिंग करायची, चेकलिस्ट संपवायची. जेट ३५ हजार फुटांवर ढगांच्या वर निघून जाते. एटीआरची कमाल उंची २५ हजार, आणि छोट्या टप्प्यात ते सोळा-अठरा हजारांवरच असते. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी नेमकी तिथेच, त्यामुळे बर्फ धरण्याची भीती. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळून ६८ जण गेले, ते पंखावरच्या रबरी बर्फफोड पट्ट्यांच्या मागे बर्फ साचल्याने. त्यानंतर पट्ट्या रुंद केल्या गेल्या. बर्फात वेग किती ठेवायचा, हे एटीआरच्या वैमानिकाला झोपेतही सांगता आले पाहिजे.

आता वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नियम. १९९२ च्या परिपत्रकावर वर्षानुवर्षे काम चालले. २००७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, विश्रांती वाढवणारे नियम काढले, कंपन्यांनी हरकत घेतली आणि २००८ मध्ये ते स्थगित झाले. वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण त्यांना यश आले नाही. २२ मे २०१० ला मंगळुरूला दुबईहून आलेले बोइंग दरीत गेले, १५८ जण दगावले. कॅप्टन वाटेत बराच वेळ झोपेत होता, हे कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणावरून कळले. २०११ च्या नियमांना या अपघाताची पार्श्वभूमी आहे. त्यात लँडिंगचा हिशेब ठळक झाला : दोन लँडिंग असतील तर ड्युटी १३ तासांपर्यंत, सहा असतील तर ११. वर्षाला १,००० उड्डाणतासांची मर्यादा दोघांनाही सारखीच. पण जेटवाल्याचे हजार तास चार-पाचशे लँडिंगांत संपतात, एटीआरवाल्याला त्याच हजार तासांसाठी हजाराच्या पुढे लँडिंग करावी लागतात.

जानेवारी २०२४ च्या सुधारणेने आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास केली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली आणि ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबवली. अंमलबजावणी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली तेव्हा हे नियम घरोघरी पोचले. चर्चा सगळी रात्रीच्या एअरबसची होती. एटीआरवाला रात्री बहुधा घरी असतो. त्याला लागते ती पाच ते सहाची वाढीव घटका. सहाच्या उड्डाणासाठी पाचला हजेरी, म्हणजे घराखाली गाडी साडेतीनला. हजेरीला आधी श्वासचाचणी, आणि ती शून्यच आली पाहिजे. म्हणून अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा वर्ज्य.

अशा सहा टप्प्यांच्या साखळीत पहिले विमान धुक्याने चाळीस मिनिटे अडले की पुढचे पाचही ढकलले जातात. शेवटच्या गावचा विमानतळ ठरलेल्या वेळेला बंद होतो, किंवा तिथे रात्री उतरण्याची सोय नसते, किंवा वैमानिकाचे अकरा तास भरतात. तिन्हींपैकी काहीही आधी झाले तरी रद्द होतो तो शेवटचा टप्पा, आणि त्या गावाला दिवसाचे विमान तेवढे एकच असते.