सिंगल शॉट पिस्तूल आणि त्यावरची दुर्बीण : ही जोडी जमली कशी

कोकणात जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही कधीतरी एखादं जुनं पिस्तूल निघतं. बहुतेक वेळा छर्र्याचंच, वेब्ली नाहीतर डायना कंपनीचं, बोटीवर नोकरीला असलेल्या कुणा आजोबांनी परदेशातून येताना आणलेलं. एका वेळी एकच छर्रा भरायचा, नळी मोडून किंवा उचलून कॉक करायचं (म्हणजे आतली स्प्रिंग ताणायची) आणि मारायचं. घरातल्या नवीन पिढीचा पहिला प्रश्न ठरलेला, याच्यावर स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण, बसेल का? बसवता येतो. पण कुठे बसतो, कुठला बसतो आणि कुठला लावला तर पिस्तूल आणि स्कोप दोन्ही वाया जातात, हे कळायला थोडं मागे जावं लागतं, कारण पिस्तूल जुनं आणि रायफलीवरची दुर्बीणही जुनी, पण पिस्तुलावरची दुर्बीण मात्र फार अलीकडची आहे.

आधी सिंगल शॉटबद्दल. एका वेळी एकच गोळी म्हणजे मागास हत्यार असा एक समज आहे आणि तो मला अजिबात पटत नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या बंदुका आजही आहेत, नळीतून दारू घालायची, चिंध्या ठासायच्या, मग छर्रे, परत चिंध्या, गजाने दाबायचं, निपलवर (नळीच्या मागच्या छोट्या बोंडावर) केप, म्हणजे आघाताने ठिणगी देणारी टोपी, चढवायची, आणि एवढं करून हातात येतो एकच बार. डुक्कर समोर आलं आणि बार फुकट गेला तर दुसरा भरेपर्यंत ते पार पऱ्यापलीकडे. त्यामुळे ज्याच्याकडे ठासणीची आहे तो उगाच बार काढत नाही, जवळ येऊ देतो, श्वास आवरतो, मगच चाप ओढतो. ही शिस्त जगभरातल्या सिंगल शॉट नेमबाजांची आहे, फक्त तिकडे ती डुकरासाठी नाही तर कागदावरच्या काळ्या वर्तुळासाठी वाढली.

केपाची गोष्ट सुरू होते १८०७ पासून. अलेक्झांडर फॉर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, त्यातूनच पुढे तांब्याची छोटी केप आली. मग १८४५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये फ्लोबेरने छोटी रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात झाला की पेटणारी) गोळी आणली, ती इतकी हलकी की लोक घरातल्या दिवाणखान्यात नेमबाजी करायचे, आणि त्यासाठीच लांब नळीची, नाजूक दस्त्याची सिंगल शॉट सलून पिस्तुलं निघाली. १८५७ ला स्मिथ अँड वेसनची .२२ शॉर्ट गोळी (.२२ म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यास) आली, १८८७ ला स्टीव्हन्सची .२२ लाँग रायफल, जी आजही जगात सगळ्यात जास्त वापरली जाणारी गोळी आहे. म्हणजे रिव्हॉल्व्हर बाजारात आलेलं असताना, सहा बार सहज मिळत असताना, नेमबाज मात्र मुद्दाम एकबारी पिस्तुलाकडे गेला. कारण साधं आहे, फिरणारं सिलिंडर नाही, मागेपुढे सरकणारी स्लाइड नाही, गोळी सरळ नळीच्या तोंडाशी बसते आणि मागून घट्ट बंद होते, हलणारे भाग जितके कमी तितका नेम स्थिर.

याचं टोक म्हणजे फ्री पिस्तूल. ५० मीटरवर एका हाताने, .२२ ची एकेक गोळी, आणि दहाचं वर्तुळ फक्त ५० मिलीमीटरचं. स्वित्झर्लंडच्या हॅमर्लीने १९३३ च्या मॉडेलपासून यात मार्टिनी पद्धतीचा ब्लॉक (नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा) वापरला, तोच मार्टिनी जो ब्रिटिश फौजेच्या मार्टिनी-हेन्री रायफलीत होता, दांडा खाली ओढला की ब्लॉक खाली झुकतो, गोळी सरकवा, दांडा वर, बंद. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या टोर्स्टेन उलमनने ५५९ गुण केले आणि तो विक्रम बरीच वर्षं लोकांच्या तोंडी होता. आपल्याकडच्या लोकांना हा प्रकार माहीत झाला तो जितू रायमुळे, २०१४ च्या इंचिऑन एशियन गेम्समध्ये ५० मीटर पिस्तुलाचं सोनं आणि त्याच वर्षी ग्रॅनडाच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओने २००८, २०१२ आणि २०१६ अशी सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णं यात घेतली आणि नंतर हा प्रकारच ऑलिम्पिकमधून काढून टाकला. मला हे चुकीचंच वाटतं, नेमबाजीतला सगळ्यात अवघड प्रकार होता तो.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, या सगळ्या प्रवासात दुर्बीण कुठेच नाही. फ्री पिस्तुलात चापाच्या वजनाला मर्यादा नव्हती, दस्ता पूर्ण हाताला लपेटणारा चालायचा, पण साईट उघडीच हवी, पुढची माशी आणि मागची खाच. छर्र्याच्या १० मीटर पिस्तुलातही तेच, जे १९८८ ला सोलमध्ये ऑलिम्पिकला आलं आणि २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने ज्यात ब्राँझ घेतलं. स्कोप लावलेलं पिस्तूल घेऊन तुम्ही या स्पर्धेत उतरूच शकत नाही.

दुर्बीण आली रायफलीकडून, आणि त्यातला एक धागा थेट मुंबई इलाख्यातून जातो, हे मला फार आवडतं. मुंबई फौजेतला लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन हिंदुस्थानात असताना शिकारीच्या रायफलीवर दुर्बीण लावून वापरत होता, पुढे विलायतेत १८६२ ला त्याने तिचं पेटंट घेतलं. त्याच्या दुर्बिणी व्हिटवर्थ रायफलींच्या डाव्या बाजूला बसवल्या गेल्या आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या नेमबाजांनी त्या वापरल्या. तिकडे न्यूयॉर्क राज्यात विल्यम माल्कम १८५५ पासून नळीएवढ्या लांब पितळी-लोखंडी स्कोप बनवतच होता. म्हणजे १८६० पर्यंत रायफलीवर दुर्बीण ही नेहमीची नसली तरी माहितीतली गोष्ट होती.

मग पिस्तुलावर यायला आणखी शंभर वर्षं का लागली? अडचण डोळ्याची. रायफलीचा दस्ता खांद्याला, गाल दस्त्यावर, डोळा स्कोपच्या मागच्या काचेपासून ८-१० सेंटिमीटरवर, आणि तिथेच पूर्ण गोल चित्र दिसतं. पिस्तूल असतं ताणलेल्या हाताच्या टोकाला, डोळ्यापासून ४०-५० सेंटिमीटर लांब. तिथे रायफलीचा स्कोप लावला तर मध्यभागी बटणाएवढा उजेड आणि भोवती काळोख, बाकी काही नाही. आणि डोळा पुढे नेऊन बघायचा प्रयत्न केला तर धक्क्याने स्कोपची कड सरळ भुवईवर.

लांबून चित्र दिसेल अशी काच घडवता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. हिशोब सोपा आहे, मागची काच समजा ३० मिलीमीटरची आणि डोळा ४५ सेंटिमीटरवर, तर त्या काचेने डोळ्यासमोरची जेमतेम चार अंश जागा व्यापली. त्यात स्कोप दुप्पट मोठं दाखवणारा असेल तर प्रत्यक्ष दिसणारा भाग दोन अंशांच्या आत, म्हणजे १०० मीटरवर साधारण तीन-साडेतीन मीटर रुंदीची पट्टी. मोठं दाखवण्याची ताकद वाढवली की ही पट्टी आणखी अरुंद, आणि हाताची थरथर तेवढीच मोठी दिसते. म्हणून पिस्तुलाचे सुरुवातीचे स्कोप सगळे कमी ताकदीचे होते. बुशनेलचा फँटम नावाचा स्कोप १९६० च्या दशकात आला तो १.३ पट आणि २.५ पट असा, नंतर ल्यूपोल्डचे दोन आणि चार पटीचे आले. चार पट, सहा पट घेऊन ये असं दुकानात सांगणाऱ्यांनी एकदा हाताला टेकू न देता चार पटीतून बघावं म्हणजे कळेल.

स्कोप होता तर त्याला साजेसं पिस्तूलही हवं होतं, आणि ते पुन्हा सिंगल शॉटच निघालं. १९६३ ला रेमिंग्टनने एक्सपी-१०० काढलं, खरं तर रायफलीची बोल्ट अ‍ॅक्शनच (दांडा मागेपुढे करून उघडबंद होणारी), नायलॉनच्या स्टॉकात बसवलेली, .२२१ फायरबॉल या जलद गोळीसाठी. आणि १९६७ ला थॉम्पसन सेंटरचं कंटेंडर आलं, वॉरन सेंटरने डिझाइन केलेलं, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं पिस्तूल तेच. नळी मोडून भरायचं, आणि एक पिन काढली की पूर्ण नळी बदलता येते, आज .२२, उद्या दुसरी मोठी गोळी, फायरिंग पिन (गोळीच्या बुडावर आपटणारी सुई) रिमफायरवरून सेंटरफायरवर (बुडाच्या मध्यावर आघात लागणाऱ्या गोळीवर) फिरवायची सोय हॅमरमध्येच. यात स्कोपसाठी जी अक्कल लढवली ती अशी की माउंट, म्हणजे स्कोप धरून ठेवणारा भाग, बॉडीवर नाही तर नळीवर बसतं, त्यामुळे नळी बदलली तरी त्या नळीचा स्कोप त्या नळीबरोबरच राहतो, नेम पुन्हा जुळवायला लागत नाही. आज जुनं कंटेंडर म्हणजे तिकडे संग्राहकांची वस्तू झाली आहे. १९७६ ला अमेरिकेत हँडगन सिलुएट स्पर्धांची संघटना झाली, ५०, १००, १५० आणि २०० मीटरवर कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढ्याच्या लोखंडी आकृत्या पाडायच्या, तिथेही याच पिस्तुलांचं राज्य होतं. मोठ्या गोळ्यांच्या धक्क्याने स्कोप माउंटमधून सरकायचे, म्हणून लोक स्कोप आवळणाऱ्या दोनाऐवजी तीन-तीन रिंगा लावायला लागले.

आपल्याकडे ही पिस्तुलं जवळजवळ नाहीतच, आपल्याकडे सापडतात ती छर्र्याची, आणि त्यांचा इतिहास वेगळा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनने १९२० ला फायरआर्म्स अ‍ॅक्ट आणला, पिस्तुलाला सर्टिफिकेट लागायला लागलं, आणि बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटने १९२४ ला मार्क वन हे छर्र्याचं पिस्तूल बाजारात आणलं. त्याची रचना सुंदर आहे, नळी हवेच्या सिलिंडरच्या डोक्यावर, नळी हाच कॉकिंगचा दांडा, मागून उचलून पुढे न्यायची, आणि पिस्टन चाप ओढल्यावर पुढे न जाता मारणाऱ्याच्या दिशेने मागे येतो, त्यामुळे एवढ्याशा लांबीत सगळं बसतं. पण याच रचनेमुळे जुन्या मॉडेलवर स्कोप बसवणं अवघड, नळीवर काही बसवलं तर कॉक करताना ते नळीबरोबर उचललं जाणार आणि मध्ये येणार. वेब्लीच्याच १९७० च्या दशकातल्या हरिकेनमध्ये मात्र मागचा साईट काढून स्कोपचं माउंट बसवायची सोय कंपनीनेच दिली होती, तुमच्याकडे हरिकेन असेल तर तुम्ही नशीबवान. डायनाच्या मोडत्या नळीच्या पिस्तुलात वेगळीच अडचण, स्कोप बसणार बॉडीवर आणि नळी बिजागरीवर, बिजागरी सैल असेल तर स्कोप एकीकडे आणि छर्रा दुसरीकडे.

स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का दोनदा बसतो, आधी एका दिशेला आणि पिस्टन आपटला की उलट दिशेला. साध्या स्कोपची आतली बांधणी एकाच दिशेचा धक्का गृहीत धरून केलेली असते, उलट धक्क्याने आतली काच किंवा क्रॉसहेअर (नेमाची फुली) सुटतो. म्हणून स्कोप घेताना स्प्रिंग एअरगनसाठी चालेल असं लिहिलेलं आहे का आणि हाताच्या अंतरावरून दिसतं का, दोन्ही बघायचं. आणि एवढं करून १० मीटरवर नेम जुळवलात तरी ५ मीटरवर छर्रा एखाद सेंटिमीटर खाली लागेल, कारण स्कोप नळीच्या वर तीन-चार सेंटिमीटर बसलेला असतो, तो बिघाड नाही.

आपल्या हवेचा विषय सोडून चालणारच नाही. ल्यूपोल्डने १९४७ ला धुकं न धरणारा, आत नायट्रोजन भरलेला स्कोप काढला, ऑरेगॉनच्या ओल्या जंगलातल्या शिकारीसाठी. ऑरेगॉनला गरज पडली तर तीन हजार मिलीमीटर पाऊस आणि खारा वारा असलेल्या रत्नागिरीला किती पडेल. सील गेलेला जुना स्कोप एका पावसाळ्यात आतून बुरशी धरतो, आणि बुरशीने काचेचं कोटिंग खाल्लं की ते परत येत नाही. पिस्तूल चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि निळ्या पॉलिशवर खड्डे पडतात, सुती फडक्यात पातळ मशीन ऑइल लावून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन बसतं. आणि पिस्टनच्या भागात तेल ओतायचं नाही, दाबाने ते पेटतं आणि सील जातं.

कायद्याचं थोडक्यात. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे .१७७ इंच व्यासापर्यंतचं आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीचं छर्र्याचं पिस्तूल परवान्याच्या बाहेर आहे. .२२ चं छर्र्याचं पिस्तूल मात्र परवान्यात येतं, कितीही जुनं असो, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. गोळीचं पिस्तूल असेल तर १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या ४५ व्या कलमात जुन्या पुराण्या हत्यारांना सूट आहे पण ती दुरुस्त करूनही चालू न होणाऱ्या हत्यारांनाच, चालू होण्यासारखं निघालं तर आधी पोलीस ठाणं, नंतर स्कोप. आणि त्यावरचं कुठलंही काम परवाना असलेल्या गनस्मिथकडेच.

शेवटी बसवण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्कोपसाठी नळीत किंवा बॉडीत ड्रिल मारू नका, लेथवाला हो म्हणाला तरी. १९२०-३० च्या वेब्लीची किंमत तिच्या मूळ पॉलिशमध्ये आणि शाबूत शिक्क्यांमध्ये आहे, आणि छर्र्याच्या पिस्तुलाच्या सिलिंडरची भिंत पातळ असते, भोक आत गेलं तर हवा धरणार नाही, पिस्तूल संपलं. मागच्या साईटच्याच स्क्रूवर बसणारं किंवा बाहेरून आवळणारं आणि परत काढता येणारं माउंट मिळत असेल तर लावा. आवळताना मध्ये पातळ रबराची पट्टी घाला, आणि पहिले पन्नासेक छर्रे मारून झाले की स्क्रू परत तपासा, ते हमखास सैल झालेले असतात. तसं माउंट मिळत नसेल तर पिस्तूल आहे तसंच माशीवर नेम धरून मारा, शंभर वर्षं ते तसंच वापरलं गेलंय.