पार्श्वभूमी : ‘एफएलपी’ डायफ्रॅम पंप नावाचा गोंधळ

‘डायफ्रॅम पंप, एफएलपी, दोन इंची, १ नग.’ टोल्युइन, हेक्झेन, इथाइल अ‍ॅसिटेट हाताळणाऱ्या कारखान्यांतून अशी मागणीपत्रं आजही निघतात. पुरवठादाराला अर्थ कळतो, पंप येतो, बसतो, चालूही होतो. आता एफएलपी म्हणजे फ्लेमप्रूफ, आणि फ्लेमप्रूफ असतं ते मोटरचं किंवा स्विचचं आवरण. आत स्फोट झालाच तर ज्वाला बाहेर येऊ न देणारं. खाणींतल्या वायूच्या स्फोटांनी माणसं मरत होती, त्या काळात ही कल्पना घडली. हवेवर चालणाऱ्या पंपात ना मोटर, ना स्विच. मग त्यात फ्लेमप्रूफ असणार काय? मेन्टेनन्समध्ये पंचवीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय, की या पंपाच्या सुरक्षिततेचा निम्मा इतिहास या एका चुकीच्या शब्दात अडकून पडलाय.

हवेच्या दाबाने द्रव चढवायची युक्ती जुनीच. फार मागे जायला नको. एकोणिसाव्या शतकातल्या सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांत ‘अ‍ॅसिड एग’ नावाचं ओतीव लोखंडाचं अंडाकृती भांडं असे. आम्ल उताराने त्यात भरायचं, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वरून हवा सोडायची, की आम्ल नळीतून थेट टॉवरच्या माथ्यावर. साखर कारखान्यांत हीच जात ‘मॉन्त-जू’ या फ्रेंच नावाने वावरत होती, म्हणजे रस चढवणारं. फिरणारा एकही भाग नाही, ग्लँड गळायची भानगड नाही. पण सबंध भांडंच दाबाखाली. पाण्याच्या दाबाने भांडं फाटलं तर बहुतेक वेळा पाणी सांडून प्रकरण मिटतं, हवेच्या दाबाने फाटलं तर तुकडे उडतात. ही पद्धत मागे पडली असं पुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात दोनशे लिटरच्या ड्रमला ‘हवा मारून’ सॉल्व्हंट वर चढवणारे महाभाग अजूनही भेटतात. ड्रम म्हणजे प्रेशर व्हेसल नव्हे. थोड्या दाबानेही त्याचं बूड फुगतं, आणि फुगलेला ड्रम डुलायला लागला की जवळ उभं राहायचं नसतं.

आज जो दुहेरी डायफ्रॅमचा पंप आपण ओळखतो, तो १९५५ साली कॅलिफोर्नियात जन्मला. अंड्याचंच तत्त्व, फक्त हवा आणि द्रव यांच्यामध्ये लवचिक पडदा आला, आणि एका दांड्याला जोडलेले असे दोन पडदे आलटूनपालटून काम करू लागले. हवा आळीपाळीने एकेका पडद्यामागे सोडायचं काम मधल्या ब्लॉकमधला एअर व्हॉल्व्ह करतो, आणि द्रव उलटा फिरू नये म्हणून त्याच्या वाटांवर बॉल बसलेले असतात. रचनेत याहून खोल शिरत नाही. महत्त्वाचं हे, की विकताना त्याचे जे चार गुण सांगितले गेले, तेच पुढे त्याचे धोके लपवत राहिले. तो स्वतः ओढतो. कोरडा चालला तरी जळत नाही. पुढचा व्हॉल्व्ह बंद केला तर फुटत नाही, नुसता थांबतो. आणि त्यात वीज नाही.

तिसरा गुण घ्या. या पंपात हवेचा जेवढा दाब, तेवढाच फार तर द्रवाचा. शॉपफ्लोअरवर कुणी बार म्हणत नाही, पौंड म्हणणारेही आता निवृत्तीला आले. ‘किती किलो आहे?’ हाच प्रश्न, आणि किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. सहा किलो हवा दिली तर सहा किलोच्या वर द्रव जाणार नाही. फिल्टर प्रेसला, म्हणजे द्रवातला गाळ दाबून वेगळा करणाऱ्या यंत्राला, हा पंप आवडतो तो म्हणूनच. गाळाचा थर, म्हणजे केक, भरत आला की ठोके मंद होत जातात आणि शेवटी पंप गप्प होतो. पण गप्प झालेला पंप बंद झालेला नसतो. कुणी पुढची लाइन उघडली की तो त्या क्षणी परत ठोके देतो. शिवाय हवेचा कॉक बंद केला तरी बॉल आणि बंद व्हॉल्व्ह यांच्यामध्ये द्रव तसाच दाबून राहतो, आणि मधल्या ब्लॉकमध्ये हवाही. क्लँप सैल करताच फिटरच्या तोंडावर कॉस्टिकची पिचकारी बसलेली मी पाहिली आहे. गॉगल होता म्हणून डोळे वाचले. अडकलेली हवा बाजूच्या भोकातून सोडून देणारा कॉक पंपाच्या अगदी जवळ असावा, ही सूचना आता बहुतेक माहितीपुस्तकांत ठळक छापलेली असते. आमच्याकडे बरीच वर्षं साधा बॉल व्हॉल्व्हच लावला जायचा, कारण तो स्टोअरमध्ये असायचा.

आता चौथा गुण, आणि खरा वाद.

‘वीज नाही म्हणजे ठिणगी नाही’ हे वाक्य इतकं सोपं आहे की ते कुणी तपासलंच नाही. जहाजांवर तर त्याला जवळपास कायद्याचं रूप आलं. १९८९ साली अलास्कात एक टँकर खडकावर चढला, समुद्रात तेल पसरलं, आणि १९९० मध्ये अमेरिकेने तेलगळतीचा नवा कायदा केला. त्यानंतरच्या नियमांत मोठ्या टँकरच्या डेकवर काय काय तयार हवं याची यादी आली: शोषक साहित्य, ठिणगी न पाडणारी फावडी, बादल्या, आणि होजसकट किमान एक ‘नॉन-स्पार्किंग’ हलवता येणारा पंप. टँकरवाल्यांनी यासाठी हवेचा डायफ्रॅम पंपच उचलला. जहाजावर काम केलेल्या कुणालाही विचारा, एका कंपनीचं नाव हेच तिथे या पंपाचं सामान्यनाम झालंय. गंमत अशी, की तोच पंप डेकवर मांडताना त्याला तारेने जहाजाच्या लोखंडाशी जोडायची शिस्तही टँकरवाल्यांनीच पाळली. ठिणगी पडणारच नसेल तर तार कशाला, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

तार कशाला, तर स्थिर विजेसाठी. टोल्युइन किंवा हेक्झेन पाइपातून पळताना घर्षणाने भार साठवत जातं, आणि ही द्रवं विजेची इतकी वाईट वाहक आहेत की तो भार लवकर उतरत नाही. मिथेनॉल, अ‍ॅसिटोन यांचं तसं नाही, त्यांच्यातून तो उतरतो, अर्थात आजूबाजूच्या धातूला अर्थिंग असेल तरच. डायफ्रॅम पंप द्रव धक्क्याधक्क्याने पाठवतो. त्यातून बॉडी पॉलिप्रॉपिलीनची, होज प्लास्टिकची आणि होजमधली तारेची स्प्रिंग दोन्ही टोकांना मोकळी असेल, तर तिच्यावर साठलेला भार जवळच्या लोखंडी ड्रमच्या काठावर उडी मारतो. टोल्युइनची वाफ पेटायला मिलिज्यूलच्या चौथाईइतकी ऊर्जा पुरते. थंडीत घाटावर स्वेटर काढताना जी चटचट ऐकू येते, तिच्यात एवढी ऊर्जा सहज असते.

हे सगळं शास्त्राला ठाऊक होतं. कायद्याने त्याची दखल घेतली नव्हती. स्फोटक वातावरणातल्या उपकरणांविषयी युरोपचा १९७५ चा निर्देश फक्त विजेच्या उपकरणांपुरता होता. १९९४ मध्ये जो नवा निर्देश आला, ज्याला सगळे ‘अ‍ॅटेक्स’ म्हणतात, त्याने पहिल्यांदा बिगर-विजेची उपकरणंही कक्षेत घेतली: पंखे, गिअरबॉक्स, पंप. १ जुलै २००३ पासून तो बंधनकारक झाला. आणि मग पंप बनवणाऱ्यांच्या जगात खळबळ उडाली.

उत्पादकांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. यात वेगाने फिरणारं काही नाही, बेअरिंग नाही, हवा प्रसरण पावताना पंप उलट थंडच होतो. मग गरम पृष्ठभाग कुठून येणार? आम्ही पन्नास वर्षं विकतोय, आता हे कागद कशाला? समोरच्यांचं उत्तर असं, की पेटवणारा स्रोत मोटरच असतो हे गृहीतकच चुकीचं आहे, स्थिर वीज मोटरची वाट पाहत नाही. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, लपवत नाही. कारण बदल फक्त कागदावर झाला नाही. कार्बन मिसळलेलं, भार वाहून नेणारं प्लास्टिक पंपांच्या यादीत ठळकपणे आलं. बॉडीवर अर्थिंगचा स्क्रू आणि त्याची खूण दिसू लागली. झोन एकमध्ये, म्हणजे नेहमीच्या कामातही अधूनमधून स्फोटक वाफ असू शकते अशा जागी, साध्या, भार न वाहणाऱ्या प्लास्टिकचा उघडा पृष्ठभाग किती चालेल याची मर्यादा माहितीपुस्तकांत उतरली: बहुतेक सॉल्व्हंटसाठी १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहूनही कमी, आणि हायड्रोजनच्या गटासाठी अवघे २०. पांढऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा दोन इंची पंप यात कुठे बसतो, ते डोळ्यांनीच दिसतं.

तडजोड झाली ती वेगळ्या ठिकाणी, आणि ती मला पटलेली नाही. झोन एकच्या बिगर-विजेच्या उपकरणाला बाहेरच्या संस्थेकडून तपासणी सक्तीची केली नाही. उत्पादकाने स्वतः धोक्यांचा विचार करायचा, फाइल तयार करायची आणि ती मान्यताप्राप्त संस्थेकडे नुसती जमा करायची. जमा करायची, तपासून घ्यायची नाही. पावती मिळते, आणि आपल्याकडचा खरेदीवाला त्या पावतीलाच प्रमाणपत्र समजतो. चिन्हंही बदलत गेली. आधी रचनेच्या सुरक्षिततेसाठी ‘सी’ हे अक्षर होतं. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने बिगर-विजेच्या सगळ्या प्रकारांना ‘एच’ हे एकच अक्षर दिलं. त्याच वर्षी मूळ निर्देशाची जागा नव्या निर्देशाने घेतली. जुन्या पंपावर ‘सी’, नव्यावर ‘एच’, आणि मागणीपत्रावर अजून ‘एफएलपी’.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातच दाबाखालच्या यंत्रांचं कलम ३१ आणि ज्वलनशील वाफांचं कलम ३७ होतं (२०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली). पण पेट्रोलियम आणि स्फोटकांची परवानगी देणारं जे खातं नागपुरात बसतं, त्याची उपकरण-मंजुरी मुख्यतः विजेच्या उपकरणांभोवतीच उभी राहिली. म्हणून तळोजा असो, तारापूर असो की लोटे, ऑडिटमध्ये मोटरचं एफएलपी प्रमाणपत्र हमखास मागितलं जातं आणि पंपाच्या अर्थिंगचा आकडा क्वचित. भार उतरायला तत्त्वतः दहा लाख ओहमपर्यंतचा रोधही चालतो. पण धातूच्या जोडणीत १० ओहमच्या वर आकडा गेला तर कुठेतरी गंज किंवा सैल नट आहे, एवढं समजावं. आमच्याकडे एकदा ऑडिटच्या आदल्या आठवड्यात रंगारी आला आणि पंपासकट अर्थिंगचा बोल्टही छान निळा रंगवून गेला. तार जागेवर, क्लिप जागेवर, मीटरवर मात्र काटा हलेना. मग कानस घेऊन तो निळा रंग खरवडत बसलो.

देखभालीचे बाकीचे नियम इतक्या वादाशिवाय आले, बहुतेक कुणाच्या तरी अनुभवातून. पडदा फाटला की द्रव हवेच्या बाजूला येतो आणि वापरलेली हवा जिथून सुटते त्या सायलेन्सरमधून बाहेर फवारतो. टाकी वर आणि पंप खाली असेल तर पंप बंद असतानाही टाकी तिथून रिकामी होत राहते. म्हणून घातक द्रवासाठी एक्झॉस्ट पाइप टाकून सुरक्षित जागी, टाकीतल्या पातळीच्या वर न्यायचा. पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) पडदे रसायनाला दाद देत नाहीत, पण वाकायला रबरापेक्षा नाखूश असतात, आणि टाकीचा दाब मागून जास्त आला तर लवकर तडकतात. ते दाबाखाली हळूहळू पसरतातही, म्हणून बसवल्यानंतर काही तासांनी बोल्ट परत आवळायचे असतात. टॉर्क रेंचने. ‘हाताला लागेल तेवढं’ या मापाने प्लास्टिकचे बरेच मॅनिफोल्ड गेलेत. अ‍ॅल्युमिनियमच्या पंपातून मिथिलीन क्लोराइड किंवा तसलं क्लोरीनवालं सॉल्व्हंट चालवायचं नाही, ही सूचना माहितीपुस्तकात पहिल्या पानांवर असते आणि ती तिथेच असायला हवी. बंद जागेत त्या दोघांचं जमलं तर पंपच फुटू शकतो.

तेलाचं प्रकरण पिढ्यांच्या भांडणासारखं आहे. जुन्या पंपांच्या एअर व्हॉल्व्हला हवेबरोबर तेल लागायचं, म्हणून लाइनवर एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) आणि त्यात तेलाची वाटी. पुढे तेलाशिवाय चालणारे व्हॉल्व्ह आले. कारखान्यात भरलेलं ग्रीस त्यांना पुरतं, आणि वरून येणारं तेल तेच धुऊन टाकतं. पण पंधरा वर्षं वाटी भरणारा हात थांबत नाही. व्हॉल्व्हमधला सरकता दांडा, म्हणजे स्पूल, चिकटला की तो आणखी दोन थेंब टाकतो.

आणि बर्फ. जुलैत लोट्याला, बाहेर अठ्ठावीस अंश आणि भिंतींना ओल आलेली असताना, सायलेन्सरवर पांढरा थर धरतो. नवीन हेल्परला खरं वाटत नाही, बोट लावून बघतो. दाबातली हवा सुटताना इतकी थंड होते की तिच्यातलं पाणी तिथेच गोठतं. ठोके अडखळतात, मग पंप थांबतो. ड्रायर लावायचा, रिसीव्हरचं पाणी दर शिफ्टला काढायचं, दाब गरजेपुरता ठेवायचा, हा खरा उपाय. सायलेन्सर काढून ठेवणं हा प्रचलित उपाय. त्याने पंप चालतो आणि शेजारी उभा असलेला माणूस बहिरा होतो.

गेल्या दशकभरात आणखी एक वळण आलंय. हवा फुकट असते हा समज वीजबिलाने मोडला. १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवेमागे कॉम्प्रेसर अठरा-वीस किलोवॅट खातो, आणि जोरात चालणारा दोन इंची पंप तेवढी हवा एकटा गिळू शकतो. म्हणून आता तेच दोन पडदे, तेच बॉल, पण मध्ये एअर व्हॉल्व्हच्या जागी इलेक्ट्रिक मोटर असे पंप बाजारात आलेत. गेल्या महिन्यात आमच्याकडे त्याचं कोटेशन आलं. मागणीपत्र जुन्याच नमुन्यावर टाइप झालं होतं: ‘डायफ्रॅम पंप, एफएलपी, दोन इंची, १ नग.’ यावेळी मी काही खोडलं नाही.