समुद्रात रस्ता आखलेला नाही, मग जहाजं धडकत कशी नाहीत?

आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, संभाजीनगरहून मुंबईच सव्वातीनशे किलोमीटरच्या पुढं आणि लातूर-नांदेडकरांना तर अजूनच लांब, त्यामुळं जहाजांचा विषय निघाला की वाटतं हे सगळं कोकणातल्या लोकांचं. पण कृषी सेवा केंद्रातून आपण पोटॅशची गोणी आणतो ना, ते पोटॅश जवळपास सगळंच्या सगळं बाहेरदेशातून जहाजानं येतं. जालन्याच्या स्टील कारखान्यांत वितळणाऱ्या भंगारातलं काही भंगार बाहेरचंच असतं, घरात येणाऱ्या पामतेलाचंही तेच, आणि वाळूजला तयार झालेला माल न्हावा शेवा बंदरातूनच परदेशी जातो. म्हणजे बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं एकमेकांवर आदळली की त्याचा हिसका इथपर्यंत बसतो.

आणि असं झालेलं आहे. ७ ऑगस्ट २०१० ला सकाळी न्हावा शेवाहून बाहेर निघालेलं 'एमएससी चित्रा' हे कंटेनर जहाज आणि आत येणारं 'खलिजिया-३' यांची मुंबईच्या समुद्रात टक्कर झाली. खलाशी वाचले, पण चित्रा एका अंगावर कलंडलं, वर रचलेले शेकडो कंटेनर पाण्यात पडले, काही बुडाले काही तरंगत राहिले, आणि शेकडो टन तेल सांडलं ते वेगळंच. तरंगणाऱ्या कंटेनरचा थोडासाच भाग पाण्यावर दिसतो, दुसऱ्या जहाजाला तो भोक पाडू शकतो, म्हणून मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, मच्छीमार नव्या हंगामाच्या तयारीत, आणि समुद्रात तेलाचा तवंग. त्यांचे काय हाल झाले असतील याचा विचार करा.

आता साधा प्रश्न असा पडतो की एवढं अफाट पाणी असताना दोन जहाजं एकाच जागी येतातच कशाला. तर पाणी अफाट दिसतं, पण खोल पाणी अफाट नसतं. मोठ्या भरलेल्या जहाजाचा १४-१५ मीटर भाग पाण्याखाली असतो, आणि बंदराजवळ एवढी खोली फक्त गाळ काढून केलेल्या एका अरुंद पट्ट्यात मिळते, त्याला चॅनल म्हणतात. येणारं-जाणारं प्रत्येक मोठं जहाज त्याच पट्ट्यातून जाणार.

त्यात जहाजाला ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवायचं आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा मापदंड असा आहे की पूर्ण वेगातलं जहाज इंजिन उलटं फिरवल्यावर आपल्या लांबीच्या १५ पट अंतरात थांबायला हवं. ३०० मीटरचं जहाज धरलं तर हे झालं साडेचार किलोमीटर! बरं, वेग कमी केला की सुकाणूवरून वाहणारं पाणीही कमी होतं आणि जहाज नीट वळत नाही, वरून कंटेनरच्या उंच भिंतीवर वारा आदळत असतो. म्हणजे समोरचं जहाज डोळ्यांनी नीट दिसून धोका कळेपर्यंत कधीकधी उशीर झालेला असतो. निर्णय दहा-पंधरा मिनिटं आधी व्हायला लागतो, आणि तेवढं आधीचं दिसायला जहाजाच्या डेकवरची उंची पुरत नाही, बेटाच्या पलीकडून कोण यायलंय, मागच्या टर्मिनलवरून कोण सुटलंय हे तिथून कळत नाही.

ते किनाऱ्यावरून कळतं. याच कामासाठी जी व्यवस्था असते तिला व्हेसल ट्रॅफिक सर्व्हिस म्हणतात, सगळे व्हीटीएसच म्हणतात.

याची सुरुवात धुक्यामुळं झाली. दुसरं महायुद्ध संपलं, रडार आता लष्कराबाहेरही वापरता येऊ लागलं, आणि १९४८ मध्ये आधी आयल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लस बंदरात आणि मग लिव्हरपूलला किनाऱ्यावर रडार बसवलं गेलं. धुकं पडलं की बंदर ठप्प व्हायचं, ते रडारवर बघून रेडिओनं जहाजाला सांगत सांगत चालू ठेवता येतं हे तिथं कळलं. म्हणजे सुरुवातीचा उद्देश बराचसा वेळ वाचवायचा होता.

सुरक्षेचा धडा नंतर मिळाला, आणि तो फार वाईट पद्धतीनं मिळाला. इंग्लंड आणि फ्रान्समधली डोव्हरची सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर. तिथं १९६७ पासून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी वेगवेगळ्या लेन आखल्या होत्या पण त्या पाळायची सक्ती नव्हती. ११ जानेवारी १९७१ ला 'पाराकास' नावाच्या जहाजानं 'टेक्साको कॅरिबियन' या टँकरला धडक दिली, टँकरचा स्फोट होऊन तो बुडाला. दुसऱ्याच दिवशी 'ब्रँडेनबर्ग' हे जहाज त्याच बुडालेल्या सांगाड्यावर आदळून बुडालं. मग तिथं धोक्याच्या खुणा लावल्या, दिवे लावले, तरी फेब्रुवारीच्या शेवटी 'निक्की' त्याच जागी गेलं आणि सगळ्या खलाशांसकट बुडालं. तिन्ही मिळून पन्नासच्या आसपास माणसं गेली. हे वाचताना मला सगळ्यात जास्त लागतं ते निक्कीचं, कारण दिवे होते, खुणा होत्या, पण तू बुडालेल्या सांगाड्याकडं चाललायस असं त्या जहाजाला रेडिओवर सांगणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी, १९७२ ला तिथं किनाऱ्यावरून माहिती देणारी सेवा सुरू झाली, एका बाजूनं डोव्हर आणि दुसऱ्या बाजूनं फ्रान्सचं ग्री-ने, मग १९७७ पासून लेन पाळणं बंधनकारक झालं. आज त्या पट्ट्यातून रोज चारशेच्या वर जहाजं जातात.

व्हीटीएसच्या खोलीत मोठमोठे स्क्रीन असतात, त्यावर समुद्राचा नकाशा आणि नकाशावर सरकणारे ठिपके. हे ठिपके दोन ठिकाणांहून येतात. एक रडार, म्हणजे आपण लहर सोडायची आणि आदळून परत आलेली लहर मोजायची, यात समोरच्यानं काही सांगायची गरज नाही. दुसरं एआयएस, म्हणजे जहाज स्वतःच रेडिओवरून सांगत राहतं की मी अमुक, माझी जागा ही, वेग एवढा, तोंड या दिशेला. चालत्या जहाजाकडून हा निरोप वेगानुसार दर २ ते १० सेकंदांनी येतो, नांगर टाकलेला असेल तर ३ मिनिटांनी. आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि प्रवासी जहाजांना हे यंत्र २००४ पर्यंत बसवायला लावलं.

एआयएसची एक गोष्ट मला फार आवडते. शेकडो जहाजं त्याच दोन फ्रिक्वेन्सीवर बोलत असतात, मग सगळ्यांचा एकच गोंधळ कामून होत नाही? तर एका मिनिटाचे २२५० तुकडे पाडलेले असतात, जीपीएसच्या घड्याळानं सगळ्यांची वेळ जुळलेली असते, आणि प्रत्येक यंत्र आपला निरोप देतानाच पुढच्या वेळी मी कोणत्या तुकड्यात बोलणार हेही सांगून टाकतं, ते ऐकून बाकीचे तो तुकडा सोडून देतात. मधे कुणी वाटप करणारा नाही, आपसातच रांग लागते.

पण एआयएसवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, कारण ते बंद करता येतं, त्यात चुकीची माहिती भरलेली असू शकते, आणि लहान होड्यांवर ते बरेचदा नसतंच. उलट रडारला बंद होडीही दिसते, पण धो धो पावसात ३ सेंटिमीटरच्या लहरीवर चालणाऱ्या रडारचा स्क्रीन पावसानंच भरून जातो, अशावेळी १० सेंटिमीटरवालं जास्त कामाला येतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा फरक लईच मोठा. म्हणून दोन्ही एकावर एक ठेवून बघतात, सोबत कॅमेरे, वाऱ्याची आणि भरती-ओहोटीची मोजणी. मग कॉम्प्युटर कोणत्याही दोन ठिपक्यांसाठी हिशोब काढतो की असेच चालत राहिले तर सगळ्यात जवळ किती अंतरावर येतील आणि ते किती मिनिटांनी. अंतर ठरवलेल्या मर्यादेच्या खाली जायला लागलं की अलार्म वाजतो.

इथवर यंत्रांचं काम झालं, यापुढचं सगळं बोलण्यावर. किनाऱ्यावरचा ऑपरेटर जहाज चालवत नाही, जबाबदारी शेवटपर्यंत कॅप्टनचीच. ऑपरेटरनं चार डिग्री उजवीकडं वळव असं सांगायचं नसतं, काय साधायचंय तेवढं सांगायचं, कसं ते कॅप्टन बघेल, कारण इंजिन काय म्हणतंय, वारा कसा लागतोय हे डेकवरच कळतं. आणि बोलायच्या आधी एक शब्द लावायचा, ही माहिती आहे का इशारा आहे का सल्ला आहे का आदेश. भारतातल्या बंदरावर फिलिपिनो खलाशी, युक्रेनचा कॅप्टन आणि आपला ऑपरेटर तिघंही आपापल्या ढंगाचं इंग्रजी बोलतात, रेडिओत खरखर, तिथं नम्रपणे विचारलेला प्रश्न आणि धोक्याचा इशारा एकसारखाच ऐकू येऊ शकतो.

हे किती महाग पडतं ते ७ नोव्हेंबर २००७ ला सॅन फ्रान्सिस्कोत दिसलं. दाट धुकं, 'कॉस्को बुसान' हे कंटेनर जहाज पुलाखालून बाहेर निघालेलं, आणि किनाऱ्यावरच्या ऑपरेटरला स्क्रीनवर दिसलं की याचं तोंड भलतीकडंच आहे. त्यानं पायलटला, म्हणजे बंदराच्या पाण्यात जहाजाला वाट दाखवणाऱ्या तिथल्या जाणकाराला, विचारलं, तुमचा इरादा काय. पायलट म्हणाला वळतोय, पुलाच्या ठरलेल्या कमानीतूनच जाणार. थोड्याच वेळात जहाज पुलाच्या खांबाच्या संरक्षक भागाला घासलं आणि सुमारे दोन लाख लिटर तेल खाडीत गेलं. ऑपरेटरला बरोबर दिसलं होतं, त्यानं वेळेत विचारलंही होतं, पण जे दिसतंय ते सरळ सांगितलं गेलं नाही. नंतरच्या चौकशीत अजून एक बारीक मुद्दा निघाला. बोलणं पायलटच्या सांकेतिक नावानं होत होतं, जहाजाच्या नावानं नाही, त्यामुळं डेकवरच्या बाकीच्यांना हे आपल्याबद्दल चाललंय हे कळायची सोय नव्हती. जहाजाचं नाव घ्या अशी शिफारस त्यातूनच आली. माझ्या मते आख्ख्या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं हेच, कारण याला एक पैसा खर्च नाही.

दुसरं उदाहरण नॉर्वेचं, ८ नोव्हेंबर २०१८, पहाटे चारच्या सुमारास. 'हेल्गे इंग्स्टाड' ही १३७ माणसं असलेली लढाऊ नौका वेगात येत होती, एआयएसवर स्वतःची ओळख पाठवत नव्हती. कच्चं तेल भरून 'सोला टीएस' टँकर टर्मिनलवरून नुकताच निघाला होता, त्याच्या डेकवरचे दिवे इतके लख्ख होते की नौकेवरच्या लोकांना ते किनाऱ्यावरचंच काहीतरी वाटलं. नौकेनं आपण येतोय हे व्हीटीएसला आधी कळवलेलं होतं, पण तिथं तिच्यावर नजर राहिली नाही, आणि टँकरवरच्या पायलटनं समोर कोण आहे म्हणून विचारलं तेव्हा लगेच नाव सांगता आलं नाही. नाव कळून नौकेशी बोलणं सुरू झालं तोवर हातातली मिनिटं संपली होती. टक्कर झाली, माणसं सगळी वाचली, नौका गेली. रडार होतं, स्क्रीन होते, नियम होते, पण एक ठिपका कुणाच्या तरी लक्षातून निसटला. म्हणूनच या कामाच्या ट्रेनिंगचे आंतरराष्ट्रीय कोर्स ठरलेले आहेत आणि सिम्युलेटरवर तासन्‌तास बसवून तयारी करून घेतात. मर्चंट नेव्हीत जायचा विचार करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी किनाऱ्यावरच्या या कामाचीही माहिती काढावी, जहाजावरचा अनुभव इथं फार उपयोगी पडतो.

आपल्या देशात मुंबईसारख्या मोठ्या बंदरांची स्वतःची व्हीटीएस आहे, आणि कच्छच्या आखातात केंद्राचं दीपस्तंभ खातं ती चालवतं. तिथं कांडला, मुंद्रा, सिक्का, वाडीनार अशी बंदरं एकाच आखातात, देशाच्या कच्च्या तेलाचा मोठा हिस्सा तिथून उतरतो, भरती-ओहोटीचा ओढा जबरदस्त, आणि त्यातच मच्छीमारांच्या होड्या.

आता थोडं वेळेचं आणि इंधनाचं. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या यार्डात काय होतं आपल्याला माहितीये, सगळे धावतपळत येतात आणि मग गाडी नंबरला लावून रात्र रात्र बसायचं, ऊस तिकडं वाळायलाय. बंदराबाहेर नेमकं हेच चालतं. जहाज पूर्ण वेगानं येतं, आणि धक्का रिकामा नाही म्हणून बाहेर नांगर टाकून दिवस दिवस उभं. यात आळस नाही, कित्येक भाडेकरारांतच लिहिलेलं असतं की शक्य तेवढ्या लवकर पोचा, हळू गेलात तर करार मोडला, आणि जो आधी पोचेल त्याचा नंबर आधी.

हे खर्चिक किती, ते बघा. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानानं वेगाच्या घनाप्रमाणं वाढते. वेग १० टक्के कमी केला तर ताकद साधारण २७ टक्क्यांनी कमी लागते, प्रवास थोडा लांबतो ते धरूनही तेवढ्याच अंतराला १९ टक्के इंधन वाचतं. म्हणजे धक्का परवा दुपारी मोकळा होणार हे जहाजाला दोन दिवस आधी कळलं तर ते आरामात हळूहळू येईल, तेल वाचेल, धूर कमी निघेल, आणि बंदराच्या तोंडाशी नांगरलेल्या जहाजांची गर्दी कमी झाली की धडकेचा धोकाही तेवढाच कमी. त्यासाठी बंदर, पायलट, टग (मोठ्या जहाजाला ओढणारी-ढकलणारी छोटी बोट) आणि जहाज यांना एकाच वेळापत्रकावर आणावं लागतं, आणि चॅनलमध्ये कोण कधी शिरणार, भरती किती वाजता, एखादं अवाढव्य जहाज येताना समोरून कुणाला थांबवायचं हे मिनिटामिनिटाला ज्याला दिसतं ते व्हीटीएसच.

अडचण कराराची होती, तर तिथंही आता हालचाल आहे. जहाजमालकांची जागतिक संघटना बिम्को हिनं २०२१ मध्ये भाडेकरारात घालायचं एक तयार कलम काढलं. धक्क्याची वेळ बघून वेग कमी कर असं जहाजाला सांगता येतं, आणि तसा कमी केला तर तो करारभंग धरला जात नाही. मालाचा मालक आणि जहाजमालक दोघांनी ते कलम मान्य केलेलं असेल तर बंदरातून आलेली वेळ कॅप्टन बिनधास्त पाळू शकतो.