शेवटच्या रिव्हेटआधीचा पीळ

पुठ्ठ्याची नळी दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. ती दाद देत नाही. आता तिला लांबीभर एक चीर द्या. तीच नळी सहज पिळते. पातळ गोल नळीसाठी या फरकाचं गणित सोपं आहे: त्रिज्येला जाडीने भागायचं, वर्ग करायचा, तिप्पट करायची. त्रिज्या ५० मिमी आणि जाडी अर्धा मिमी असेल, तर बंद नळी पिळायला ३०,००० पट कठीण.

किटमधून (सुट्या भागांच्या संचातून) विमान बांधताना एलेरॉन, एलेव्हेटर किंवा रडर, म्हणजे विमानाची दिशा आणि तोल सांभाळणारे पंख-शेपटीचे हलते भाग, शेवटची रिव्हेटची ओळ बसेपर्यंत अशीच चिरलेली नळी असते. स्पार (लांबीभर जाणारी तुळई) आणि रिबांवर (आडव्या फासळ्यांवर) चढवलेला साधारण ०.४ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा हाताने पिळतो. ओळ पुरी झाली की पेटी बंद, आणि त्या वेळी जो पीळ असेल तो कायमचा. मग एलेरॉन वाकडा निघाला तर विमान सतत एका अंगाला झुकतं आणि वैमानिकाला पूर्ण प्रवासभर स्टिक (विमान वळवायचा दांडा) दाबून धरावी लागते. जिग, म्हणजे काम पक्कं धरून ठेवणारा साचा, लागतं ते एवढ्यासाठी: आकार ठरायचा असतो तेवढा वेळ तो सरळ धरून ठेवायला.

सगळ्या रिब सारख्या असतील तर जिग प्लायवूडमध्ये सहज होतं. रिबच्या आकाराची खाच पाडायच्या फळ्या एकावर एक स्क्रूने जोडून एकदमच कापाव्यात. मला ही युक्ती फार आवडते. करवत जरा इकडेतिकडे गेली तरी चूक सगळ्या फळ्यांत एकसारखी येते, आणि एकसारख्या चुकीने पीळ पडत नाही. फळ्या ज्या टेबलावर उभ्या करायच्या ते मात्र खरोखर सपाट हवं. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एका डोळ्याने पाहिलं, तर टेबलातला बारीक पीळही दिसतो.

एलेरॉनची किंवा रडरची मागची कड सगळ्यात हट्टी. रिव्हेट ठोकल्यावर फुगतो, भोकाभोवतीचा पत्रा किंचित ताणतो. एका टोकाकडून ओळीने ठोकत गेलं की हा ताण साठत जातो आणि कडेला बाक येतो. म्हणून कड सरळ अँगलला क्लेकोंनी (भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या पिनांनी) बांधतात, आधी दर दहावा रिव्हेट बसवतात, मग मधले.

पत्रा मात्र जिगला दोन्ही टोकांना आवळू नये. दोन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा तापमान १० अंश वाढलं की जवळपास अर्धा मिमी लांबतो; लाकूड लांबीच्या दिशेने त्यापेक्षा बरंच कमी. दोन्हीकडे जखडलेला पत्रा मग फुगवटा धरतो. एक टोक पक्कं, दुसरं नुसतं टेकलेलं ठेवावं, आणि शेवटच्या ओळीआधी दोन्ही टोकांचा कोन पुन्हा मोजावा.