नॉक सेन्सर : इंधनाचा ऑक्टेन व इंजिनाचे संपीडन

नॉक सेन्सर हा पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकवर बसवलेला, सिलिंडरमधील अवेळी होणाऱ्या ज्वलनाची कंपने टिपणारा दाबविद्युत (दाब पडताच विद्युत संकेत देणारा) संवेदक होय. स्पार्क प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत कडेकडे पसरते. ती पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटले, तर दाबलहरी भिंतींवर आदळतात आणि वरच्या गिअरमध्ये घाट चढताना येणारी टकटक, म्हणजेच नॉकिंग, ऐकू येते. सुमारे ८० मिमी व्यासाच्या सिलिंडरात या कंपनांची वारंवारता ७ किलोहर्ट्झच्या आसपास असते.

संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, वाढवले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते, पण मिश्रणही अधिक तापते. इंधन हा ताप किती सोसते, हे ऑक्टेन अंक सांगतो. आयसोऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला ० धरून ही श्रेणी आखलेली आहे. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसोऑक्टेन व ९ टक्के हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकिंग सोसणारे पेट्रोल. हा अंक ज्या एक-सिलिंडरी प्रयोगशाळेतील इंजिनावर काढतात, त्याचे संपीडन चालू स्थितीतच कमीजास्त करता येते, म्हणजे ऑक्टेनची मोजणीच मुळात संपीडनाशी बांधलेली आहे. ऑक्टेन अंक इंधनातील ऊर्जा दाखवतो, हा गैरसमज मात्र फार रुजलेला आहे.

चालत्या गाडीचे संपीडन गुणोत्तर सहसा बदलता येत नाही. म्हणून नॉकिंग जाणवताच इंजिनाचा संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो आणि धोका टळला की ती हळूहळू पूर्वस्थितीला आणतो. झडपांचा खडखडाट नॉकिंग समजला जाऊ नये, यासाठी संगणक दट्ट्या वरच्या टोकावरून खाली येऊ लागल्यानंतरच्या ठरावीक अंशांतच कान देतो. १९८० च्या दशकारंभी स्वीडनच्या साब या मोटार कंपनीने टर्बो (दाबाने जादा हवा भरणाऱ्या) इंजिनात अशाच संकेतावरून हवेचा दाब उतरवण्याची पद्धत आणली.

जास्त संपीडनाच्या इंजिनात ९१ ऐवजी ९५ ऑक्टेनचे पेट्रोल घातल्यास ठिणगी मागे घ्यावी लागत नाही व ताकद टिकते. कमी संपीडनाच्या इंजिनात मुळात नॉकिंगच नसेल, तर महागड्या पेट्रोलाने काही साधत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्याही वर असल्याने ते मिसळल्यास नॉकिंगला आळा बसतो, मात्र त्यातील ऊर्जा पेट्रोलपेक्षा कमी असते.

सेन्सरचा बोल्ट ठरवून दिलेल्या पिळानेच आवळावा लागतो. खाली गंज वा जादा वॉशर राहिला, तर कंपने नीट पोहोचत नाहीत. वायर तुटल्यास बहुतेक गाड्यांत संगणक ठिणगी कायमची मागे ठेवतो, त्यामुळे गाडी ओढत नाही आणि अॅव्हरेज घसरते.