जीझिप कॉम्प्रेशन (वेब सर्व्हरवरील)

वेब सर्व्हरने पानाचा मजकूर दाबून लहान करून पाठवायचा आणि ब्राउझरने तो उलगडून जसाच्या तसा दाखवायचा, या पद्धतीला वेब सर्व्हरवरील कॉम्प्रेशन म्हणतात. यात एक कानामात्राही गळत नाही. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी अशा मजकुरी फाइलींना याचा मोठा फायदा होतो. त्या पुष्कळदा मूळ आकाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येतात. जेपेग किंवा पीएनजी चित्रे आधीच दाबलेली असतात. ती पुन्हा दाबायला लावणे म्हणजे सर्व्हरला फुकट राबवणे.

सर्वांत रुळलेला प्रकार जीझिप. जाँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी तो 1992 मध्ये प्रसिद्ध केला. युनिक्सवरच्या जुन्या ‘कॉम्प्रेस’ प्रोग्रामची पद्धत पेटंटमध्ये अडकली होती, म्हणून मोकळेपणाने वापरता येईल असा पर्याय हवा होता. जीझिपच्या पोटात ‘डिफ्लेट’ ही रीत आहे. ती मागच्या 32,768 बाइटांवर नजर ठेवते. आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा दिसला, की तो न लिहिता ‘इतके मागे जा, तिथून इतके बाइट उचल’ एवढीच खूण ठेवते. नंतर हफमन संकेतन वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत देते.

मराठी मजकुराला ही रीत विशेष उपकारक आहे. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याच्या वेबवरच्या रुळलेल्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलंत ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘महाराष्ट्र’ हा शब्द त्यामुळे 30 बाइटांचा होतो. रोमन लिपीत त्याला 11 पुरतात. पण देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला कायम 224 असतो आणि दुसरा 164 किंवा 165. खरी माहिती बहुतेक तिसऱ्यातच असते. हा तोचतोचपणा डिफ्लेट हेरते आणि लिपीमुळे वाढलेले वजन बरेचसे उतरवते. मराठी संकेतस्थळावर कॉम्प्रेशन बंद ठेवणे म्हणजे वाचकाच्या मोबाइल डेटावर विनाकारण भार टाकणे आहे.

व्यवहार दोन्ही बाजूंच्या संमतीने होतो. ब्राउझर ‘ॲक्सेप्ट-एन्कोडिंग’ या हेडरमध्ये, म्हणजे मागणीसोबत जाणाऱ्या सूचनेच्या ओळीत, आपल्याला काय उलगडता येते ते सांगतो. सर्व्हर ‘कंटेंट-एन्कोडिंग’मध्ये आपण काय वापरले ते कळवतो. मध्ये कॅशे, म्हणजे उत्तरांच्या प्रती साठवून ठेवणारा थांबा, असेल तर ‘व्हेरी’ हेडरही लागतो, नाहीतर दाबलेली प्रत ती न उलगडणाऱ्याच्या हाती पडू शकते.

इगोर सिसोएव यांनी 2004 मध्ये खुल्या केलेल्या एन्जिनएक्स सर्व्हरवर ‘जीझिप ऑन’ लिहिले की काम झाले असे वाटते, आणि इथेच बहुतेक जण फसतात. तेवढ्याने फक्त एचटीएमएल दाबले जाते. सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि जेसन यांची नावे ‘जीझिप_टाइप्स’मध्ये स्वतः लिहावी लागतात. सर्व्हरपुढे दुसरा प्रॉक्सी (मागणी पुढे नेणारा मधला सर्व्हर) किंवा सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवणारे सर्व्हरांचे जाळे) असेल आणि त्याच्या मागणीत ‘व्हाया’ हेडर असेल, तर ‘जीझिप_प्रॉक्सीड’ बदलेपर्यंत काहीच दाबले जात नाही. दाबण्याची पातळी 1 ते 9 असते. न सांगितल्यास 1. चार ते सहाच्या दरम्यान थांबणे शहाणपणाचे, कारण त्यापुढे प्रोसेसर जास्त तापतो आणि हाती थोडेच लागते. न बदलणाऱ्या फाइली मात्र एकदाच नवव्या पातळीवर दाबून ठेवाव्यात. ‘जीझिप_स्टॅटिक’ त्या तयार प्रती थेट पाठवते. अपाचे सर्व्हरवर हेच काम ‘मॉड_डिफ्लेट’ करते.

आकार घटल्याने वेळ का वाचतो, याचे कारण टीसीपीत, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाकिटांत पोहोचवण्याच्या नियमांत, आहे. नवी जोडणी झाल्यावर सर्व्हर पोच मिळण्याआधी साधारणपणे 10 पाकिटे, म्हणजे सुमारे 14 किलोबाइट, पाठवतो. 50 किलोबाइटांचे पान दाबून त्या मापात बसले, तर ते पहिल्याच खेपेत पोहोचते. बसले नाही, तर पुढच्या खेपांसाठी थांबावे लागते, आणि रेंज कमी असलेल्या ठिकाणी हे थांबणे चांगलेच जाणवते.

2016 मध्ये प्रमाणित झालेले गूगलचे ब्रॉटली मजकूर आणखी लहान करते. त्याच्या अंगभूत शब्दकोशात हिंदीतलेही तुकडे आहेत, म्हणजे देवनागरी त्याला अगदीच परकी नाही. ब्राउझर ते फक्त एचटीटीपीएसवर स्वीकारतात, आणि एन्जिनएक्समध्ये त्यासाठी वेगळे मॉड्यूल जोडावे लागते.

एक धोका गंभीर आहे. 2013 मध्ये ‘ब्रीच’ नावाचा हल्ला उघड झाला. पानात गुप्त टोकन (मागणी खरी असल्याचे सर्व्हरला पटवणारी खूण) असेल आणि वापरकर्त्याने पाठवलेला मजकूरही त्याच पानात परत छापला जात असेल, तर हल्लेखोर अंदाज बदलत राहतो. अंदाज टोकनशी जुळला की दाबलेला आकार किंचित घटतो, आणि असे करत टोकन एकेक अक्षराने बाहेर येते. अशा पानांवर कॉम्प्रेशन बंद ठेवतात, किंवा प्रत्येक उत्तरात टोकनवर नवा यादृच्छिक मुखवटा चढवतात.